अडसराची साक्ष

सुताराच्या नाकावर राग असतो असं लोक म्हणायचे, पण ते कमीच सांगत होते. राग त्याच्या सगळ्या अंगावर असायचा, लाकडाच्या भुशासारखा. कितीही झटकला तरी कुठल्या ना कुठल्या घडीत उरायचाच. लाकूड तडकलं की तो लाकडाला शिव्या घालायचा, रंधा अडला की रंध्याला, आणि दोघंही शहाण्यासारखे वागत असले की बायकोशी भांडण उकरून काढायचा. हात मात्र त्यानं कधी कुणावर उचलला नव्हता. हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा आणि सांगताना बहिणीच्या नवऱ्याकडे रोखून बघायचा.

बहिणीला सगळे धाकटीच म्हणत. ती वेताचं काम करायची, खुर्च्या, पाळणे, टोपल्या. तिचा नवरा लोहार. असा लोहार पंचक्रोशीत नव्हता, हे त्याचे वैरीही कबूल करत. लोखंड त्याचं ऐकायचं. पण लोखंड ऐकतं म्हणून बायकोनंही तसंच ऐकावं, तापवून ठोकलं की हवं तसं वाकावं, असं त्या मेल्याच्या डोक्यात बसलं होतं. लग्न झाल्यापासून धाकटीच्या अंगावर कुठे ना कुठे काळंनिळं असायचंच. विचारलं की म्हणायची, "भट्टीच्या दाराला लागलं, दादा." सुतारानं ती भट्टी पाहिली होती. तिला दार नव्हतं.

तिघंही कारागीर मंडळाचे सभासद. मंडळ दरवर्षी सभासदांच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं, आणि त्याचे दोन नियम आताच्या सगळ्या सभासदांपेक्षा म्हातारे होते. पहिला असा, की हॉलच्या उंबऱ्याच्या आत कुणी कुणावर हात उगारायचा नाही. उगारला की नाव कटलं, कायमचं, मग तो अध्यक्षाचा सख्खा भाऊ का असेना. कारागिरांच्या हाताशी हत्यारं असतात, म्हणून हा नियम. दुसरा असा, की आपली वस्तू आपण मांडायची नाही. चिठ्ठी टाकून ती दुसऱ्या सभासदाच्या घरी जायची, तिथे महिनाभर रोजच्या वापरात राहायची, आणि उद्घाटनाच्या दिवशी वापरणाऱ्यानं सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची. साक्ष पटली तरच वस्तू मांडली जायची. प्रदर्शन संपलं की ती वापरणाऱ्याचीच होऊन जायची. एक वस्तू हातची जायची खरी, पण साक्षीवर मागण्या एवढ्या यायच्या की कुणाची तक्रार नसे.

यंदा लोहारानं दाराचा अडसर केला होता, आणि चिठ्ठीत तो नेमका सुताराकडे आला. नाही म्हणायची सोय नव्हती. लोहार स्वतः बसवायला आला. हातभर लांबीचा लोखंडी दांडा, तीन कड्यांतून सरकत चौकटीत जाणारा. शेवटी एक खटका होता. तो अंगठ्यानं दाबल्याशिवाय दांडा मागे येत नसे, दार कितीही हलवा. चार जाड खिळे दाराच्या आरपार गेले होते आणि बाहेर फक्त त्यांची चपटी डोकी दिसत होती.

"आता हत्तीसुद्धा परवानगी घेऊन आत येईल, मेव्हणे," लोहार म्हणाला आणि बोटानं दांडा सरकवून दाखवला. लोण्यात सुरी जावी तसा तो गेला.

तो गेल्यावर सुतारानं दार आतून बाहेरून तपासलं, एकही खोट सापडली नाही, म्हणून त्याचं आणखीच डोकं फिरलं. "हरामखोराच्या हाताला सोनं लागलंय," तो बायकोला म्हणाला. "त्याच हातानं काय काय करतो बघ."

महिना सरत आला तेव्हा मंडळानं जागा ठरवल्या. हॉलच्या मधोमध एक चौथरा होता. आत शिरणाऱ्याची नजर आधी त्यावर जायची. गेली कित्येक वर्षं तिथे लोहाराचंच काम असायचं. यंदा तिथे धाकटीचा वेताचा पाळणा ठेवायचं ठरलं. साक्ष पटली तर, अर्थात. ही बातमी लोहाराला भट्टीवर कळली. पाळणा तेव्हा सुताराच्या समोरच राहणाऱ्या कुंभाराच्या घरी होता, त्याचा नातू त्यात झोपत होता. पाळणा लोहाराच्या हाताशी नव्हता. ज्या हातांनी तो विणला, ते मात्र हाताशी होते.

भर दुपारी धाकटी भावाच्या दारात उभी राहिली. ओठ फाटलेला, हनुवटीवरून रक्त गळ्यापर्यंत आलेलं. उजवा हात तिनं डाव्या तळव्यावर तोलून धरला होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. मनगटाच्या वर तो जिथे वाकायला नको तिथे वाकला होता.

"वहिनी, दार लाव," ती म्हणाली.

सुताराच्या बायकोनं तिला आत ओढलं आणि अडसर सरकवला. मग लाकडाच्या दोन सपाट पट्ट्या उचलल्या, जुनी चादर फाडली आणि हात बांधायला बसली. सुतार मात्र नाचत होता.

"कशानं मारलं? बोल, कशानं मारलं त्यानं?"

"भट्टीच्या सांडशीनं."

"सांडशीनं!" तो ओरडला, जणू काठीनं मारलं असतं तर चाललं असतं.

"बोटं हलतात का बघते आहे मी," धाकटी म्हणाली. "तू जरा गप्प बस, दादा." बोटं हलत होती, थोडी. तेवढं दिसल्यावर ती रडली.

राग आंधळा असतो म्हणतात. लोहाराचा राग चांगला डोळस होता, कारण निघताना त्याला घण घ्यायचं आठवलं होतं. तो गल्लीत शिरला तेव्हा दारादारांत माणसं होती. कुंभार चिखलाच्या हातांनी बाहेर आला आणि तसाच उभा राहिला. बाकीच्यांना एकाएकी घरातली कामं आठवली. खिडक्या मात्र कुणी लावल्या नाहीत, बघायचं सगळ्यांना होतं.

"धाकटे, घरी चल," लोहार दाराबाहेरून म्हणाला. आवाज गोड होता. "जेवण व्हायचंय माझं."

मग पहिला घाव बसला.

सगळं घर हादरलं. फळीवरचे डबे खाली आले, भिंतीवरची करवत निसटून पडली. दुसरा घाव, तिसरा. प्रत्येक घावाबरोबर तो एक शिवी घालत होता, आणि शिव्या संपल्या तरी घाव संपले नाहीत. दाराच्या फळ्यांचे कपचे उडत होते. वरची बिजागरी एका खिळ्यावर आली. त्या बिजागऱ्या बाजारातल्या होत्या, हलक्या. लोहाराला ते ठाऊक होतं, एका दृष्टिक्षेपात कळावं एवढा तो कसबी होता. तिथे दोन घाव घातले असते तर दार उभंच्या उभं आत आलं असतं. पण तो अडसरावरच मारत राहिला. आपल्या हातची वस्तू आपल्यालाच नाही म्हणते, हे त्याला सोसत नव्हतं. घणाचा दांडा सुतारानंच गेल्या वर्षी बसवून दिला होता. तोही मोडत नव्हता. चांगलं काम दोन्ही बाजूंनी चाललं होतं.

सुतारानं लाकूड खोदायची रुंद पटाशी उचलली. खिडक्यांना गज होते, मागचं दार नव्हतं. बाहेर जायची वाट एकच होती आणि तिला पाठ लावून धाकटी जमिनीवर बसली होती. डाव्या हाताचा अंगठा तिनं खटक्याच्या खाली घालून ठेवला होता, म्हणजे तो दाबला जाऊ नये. घाव बसला की तिचं डोकं दारावर आपटत होतं.

"सरक."

"नाही."

"धाकटे, सरक! आज एकाचा मुडदा पडू दे, किती वर्षं मी हे बघायचं?"

"कुणाचा मुडदा?" ती म्हणाली. "त्याचा पडला तर तू तुरुंगात. तुझा पडला तर तो तुरुंगात, आणि सुटून आला की मी आहेच. मला विचारलं का दोघांपैकी कुणी?"

सुताराच्या कानांत रक्त भरलं होतं. त्याला फक्त घाव ऐकू येत होते. त्यानं पटाशी दातांत धरली, वाकला, आणि बहिणीला धरून बाजूला फेकायला हात घातला. जो हात हाताला लागला तो त्यानं धरला आणि सगळ्या ताकदीनं ओढला. पट्ट्यांच्या आत काहीतरी कटकन वाजलं.

धाकटी अशी किंचाळली की बाहेरचा घण थांबला.

"ए!" लोहार बाहेरून गरजला. "कोण मारतंय तिला? माझ्या बायकोला हात कुणी लावला? बाहेर ये, तुझे तुकडे करतो!" आणि दुप्पट जोरानं तो दारावर तुटून पडला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण ही बोंब निराळीच होती. तो मनापासून चिडला होता.

सुतार हातातल्या हाताकडे बघत उभा होता. बायकोनं जवळची एक लाकडी पट्टी त्याच्या पाठीवर सप्पकन ओढली, एकदा, दोनदा. मग त्याला सोडायचं सुचलं. पटाशी खाली पडली. एवढं सगळं होऊनही धाकटी दारापासून हलली नव्हती आणि तिचा अंगठा खटक्याखालीच होता.

मग बाहेर शांत झालं. लोहाराचा धापा टाकणारा श्वास ऐकू येत होता. खिळ्यांच्या डोक्यांवरून त्याचं बोट फिरल्याचं धाकटीला पाठीशी जाणवलं. त्यानं आणखी एक घाव घातला, मोजका, नाणं वाजवून बघतात तसा, आणि कान लावून ऐकलं.

"वा!" तो म्हणाला. "वा रे वा! बघितलंत का मेव्हणे? केसभर नाही हलला!"

त्यानं घण जमिनीवर टेकवला.

"साक्ष नीट द्या हं उद्घाटनाला. जे झालं ते सांगा. खोटं बोलायचं नाही." आणि घण खांद्यावर टाकून तो गल्लीतून निघून गेला, काम आटोपलेल्या माणसासारखा. पोलीस आले ते त्यानंतर. त्यांनी दार पाहिलं, हात पाहिला, नवराबायकोचं भांडण आहे, मिटवून घ्या म्हणाले आणि गेले. इस्पितळात डॉक्टरनं सांगितलं की हाड आधी एका जागी मोडलं होतं, मग दुसऱ्या जागी. धाकटीनं दोन्हींसाठी एकच कारण सांगितलं. भट्टीचं दार.

ते ऐकल्यापासून सुताराच्या मनात एकच चाललं होतं. अडसर फालतू आहे, पहिल्या घावाला निखळला, अशी साक्ष द्यायची, की त्या माणसाला हॉलमध्येच आडवा करायचा? खोटी साक्ष त्याच्या जिभेवर येईना. अडसर खरंच चांगला होता, आणि सुतार असून चांगल्या कामाला वाईट म्हणणं त्याला खून करण्यापेक्षा अवघड वाटत होतं. शेवटी उद्घाटनाच्या सकाळी त्यानं दार बिजागऱ्यांतून काढलं, अडसरासकट पाठीवर घेतलं, आणि सदऱ्याच्या आत पटाशी खोचली.

हॉल भरला होता. विणकरबाई, मंडळाच्या अध्यक्ष, समोर बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली बाई, पण धागा तुटल्याचा आवाज दुसऱ्या खोलीतून ओळखायची. लोहार धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. सुतारानं दार भिंतीला टेकवलं, तेव्हा त्यावरचे खड्डे बघून कुजबुज झाली आणि लोहारानं कॉलर नीट केली.

कुंभारानं पाळण्याची साक्ष दिली. "नातू झोपतो. रडत असला की मी झोका देतो, आणि मग मलाच झोप लागते. एक वेत करकरत नाही. आणखी काय सांगू?" लोक हसले. पाळणा मधल्या चौथऱ्यावर गेला. लोहार हसला नाही.

"अडसर," विणकरबाई म्हणाल्या. "साक्ष, सुतार."

सुतार उठला. त्याचा हात सदऱ्याच्या आत होता. पण मागून धाकटी पुढे आली, उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला.

"साक्ष मी देते," ती म्हणाली. "दादाच्या घरी होता, पण वापरला मी."

विणकरबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "वापरणाऱ्यानं द्यायची, हा नियम आहे. बोल."

धाकटीनं डावा हात दारावर ठेवला.

"हा अडसर माझ्या नवऱ्यानं केला. त्या दुपारी त्यानं माझा हात सांडशीनं मोडला, कारण माझा पाळणा मध्ये ठेवणार होते. मी भावाकडे पळाले आणि हा लावला. मग नवरा घण घेऊन आला. हे खड्डे त्याचे. फळ्या फुटल्या, बिजागरी निखळली, हा हलला नाही."

लोहाराची मान ताठ झाली होती. 'हलला नाही' ऐकून त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद उमटला आणि त्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी खुर्ची सरकवून दूर झाला. तेव्हा कुठे लोहाराला कळलं की लोक दाराकडे बघत नाहीत, त्याच्याकडे बघताहेत.

"बाहेरून नवरा होता," धाकटी म्हणाली, "आणि आतून भाऊ. त्याला बाहेर जाऊन खून करायचा होता. मी सरकले नाही म्हणून त्यानं माझा मोडलेला हात ओढून पुन्हा मोडला. दोघंही माझ्यासाठीच करत होते म्हणे. दोघांनाही हा अडसर पुरून उरला. चांगली वस्तू आहे. माझी साक्ष संपली."

सुताराला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. हे तिनं घरात कधी काढलं नव्हतं. वहिनीलाही बजावलं होतं, बोलू नकोस म्हणून.

लोहार उठला तो थेट तिच्या अंगावर. "चारचौघांत अब्रू काढतेस?" त्याचा हात वर गेला. त्याच क्षणी सुताराची पटाशी बाहेर आली आणि तीही वर गेली. कुंभार मध्ये पडला, लोहाराचा गुद्दा त्याच्या तोंडावर बसला आणि रक्तासकट एक दात फरशीवर पडला. खुर्च्या उलटल्या. सुतारानं पटाशी चालवली, ती लोहाराच्या खांद्यात नखभर रुतली, आणि दोघं एकमेकांच्या गळ्याला लागून बाजूला मांडलेल्या मातीच्या घागरींवर कोसळले. पाच-सहा जणांनी त्यांना ओढून वेगळं केलं तेव्हा दोघांच्या पाठीत खापऱ्या होत्या. पाळणा जागच्या जागी होता. धाकटी त्याच्यासमोर उभी होती.

"दादा," ती एवढंच म्हणाली, "खाली ठेव ती."

त्यानं ठेवली.

विणकरबाई खुर्चीतून उठल्याही नव्हत्या. "अडसर मांडा," त्या म्हणाल्या. "साक्ष पटली. वस्तू धाकटीची. लोहाराचं नाव कटलं." मग पटाशीकडे बघून, "सुताराचंही."

या वेळी कुंभारानं पोलिसांना असं काही सांगितलं, तोंडात रक्त असताना, की नवराबायकोचं भांडण हा शब्द कुणी काढला नाही. लोहाराला घेऊन गेले. सुतारालाही नेलं, आणि जखम मोठी नव्हती म्हणून काही दिवसांनी सोडलं.

तो घरी आला तेव्हा धाकटी तिथे नव्हती. मंडळाच्या इमारतीमागची एक खोली तिनं भाड्यानं घेतली होती, असं बायको म्हणाली. सुतार तिथे गेला, पण आत पाय टाकेना. खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट आणि पडदा.

"ये ना," ती आतून म्हणाली.

"धाकटे, मी..." त्यानं पडद्याची कड बोटांत धरली.

"दार करून देशील का?" तिनं विचारलं. "जाड हवं. आणि बिजागऱ्या या वेळी बाजारातल्या नकोत."

"मी मंडळात नाही आता."

"दाराला मंडळ लागत नाही. तो कधीतरी सुटेल, दादा. त्याच्या आधी हवं."

त्यानं दार केलं. घरातली सगळ्यात जुनी, सुकलेली फळी काढली, जी स्वतःच्या कपाटासाठी जपून ठेवली होती. कामात एकही शिवी दिली नाही, बायको दोनदा बघून गेली, बरं नाही की काय म्हणून. दार बसवल्यावर अडसर लावायला त्यानं हात पुढे केला, तर धाकटीनं तो दिला नाही. प्लास्टर निघालं होतं, हात अजून नीट चालत नव्हता, तरी तिनं स्वतःच तो बसवायला घेतला. वेळ लागला, दोन खिळे वाकडे गेले, ते काढून तिनं पुन्हा घातले. सुतार बाजूला उभा राहून घाम पुसत होता. वाकडा खिळा बघणं त्याच्या जिवावर येत होतं, पण त्यानं पुन्हा हात पुढे केला नाही.

"आता बाहेर हो," ती म्हणाली. "लागतो का बघू."

तो बाहेर गेला. दार मिटलं. आतून दांडा सरकला आणि खटका बसल्याचा बारीक आवाज आला.

"ढकल."

त्यानं तळवा लावून हलकेच ढकललं.

"जोरात, दादा. त्या दिवशी ओढलंस तसं."

सुतार दारासमोर उभा राहिला. डोळे भरून आले होते, समोरची फळी दिसत नव्हती. मग त्यानं खांदा लावला आणि सगळ्या अंगाचा भार टाकला, एकदा, दोनदा. खांदा दुखावला. दार जागचं हललं नाही. आत धाकटी अजून उघडत नव्हती.

"चांगला आहे," तो बाहेरून म्हणाला. "धाकटे, चांगला आहे. मी ढकलून पाहिला."

दार उघडायची वाट न बघता तो पायरीवर बसला.